१९५१ चा अर्जेंटिना: मोजणी खरी, मग निवडणूक खोटी म्हणायची का?

दक्षिणवारा
कामानिमित्त गेलं दीड वर्ष ब्यूनोस आयर्सला आहे. घरमालकीण पंचाहत्तरीच्या पुढची, एकटी राहते. रविवारी संध्याकाळी मला 'माते' नावाचा कडू काढा पाजते आणि माझं मोडकंतोडकं स्पॅनिश सहन करते. परवा तिने कपाटातून आईची 'लिब्रेता सिविका' काढली. जुन्या पासबुकासारखी वही. आत आईचा फोटो, अंगठ्याचा ठसा आणि मागच्या पानांवर चौकटी. मत दिलं की केंद्रावरचा माणूस तिथे शिक्का मारायचा. पहिल्याच चौकटीत ११ नोव्हेंबर १९५१.

अर्जेंटिनाच्या बायकांनी राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं तो हा दिवस. कायदा १९४७ चा, पण प्रत्यक्ष पेटीपर्यंत पोचायला चार वर्षं गेली. अध्यक्ष हुआन पेरॉन दुसऱ्यांदा उभे होते. त्यांना सुमारे ४७ लाख मतं पडली, म्हणजे ६३ टक्क्यांच्या आसपास. रॅडिकल पक्षाचे रिकार्दो बालबिन (जोडीला उपाध्यक्षपदासाठी फ्रोंदिसी) यांना सुमारे २४ लाख, ३२ टक्के. मतपेट्या पळवल्या, आकडे फिरवले असं विरोधकांचंही फारसं म्हणणं नव्हतं.

वही दाखवून झाल्यावर बाईंनी कोपऱ्यातल्या पायमशीनकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "एविता." पेरॉनच्या बायकोची, एवाची, संस्था गरिबांना शिलाई मशीन वाटायची, नाताळात घरोघर सफरचंदाची वाइन आणि गोड पाव पाठवायची. म्हणजे मशीन घेतलं आणि मत दिलं.

तर प्रश्न असा. मोजणी खरी, गर्दी खरी, कृतज्ञताही खरी. मग ही निवडणूक खरी होती की नाही?

खवचट काका
धागा उघडला आणि वाटलं आपल्याकडचंच काहीतरी आहे. मशीन वाचेपर्यंत खात्रीच होती. मशीननंतर तर जास्तच.

सासवडकर
काका, चालू राजकारण नको, धागा बंद पडेल. लाडकं-दोडकं इथे काढू नका.

राज्यशास्त्री
प्रश्न मोजणीचा नाहीच, मोजणीच्या आधीच्या दोन वर्षांचा आहे. दक्षिणवारा यांनी बालबिनला एका ओळीत उरकलं, म्हणून थोडं सविस्तर.

बालबिन हे संसदेत रॅडिकल गटाचे नेते. १९४९ मध्ये त्यांचं संसदीय संरक्षण काढून घेतलं. मार्च १९५० मध्ये ब्यूनोस आयर्स प्रांताच्या गव्हर्नरपदाची निवडणूक होती आणि ते उमेदवार होते. मत द्यायला गेले आणि तिथेच धरले गेले. गुन्हा काय, तर अध्यक्षांचा अवमान. पाच वर्षांची शिक्षा झाली. ओल्मोसच्या तुरुंगात होते, १९५१ च्या जानेवारीत माफी मिळून सुटले, आणि त्याच वर्षी ज्याने माफी दिली त्याच्याविरुद्ध उभे राहिले.

वर्तमानपत्रांचं म्हणाल तर 'ला प्रेन्सा' हे देशातलं सगळ्यांत वजनदार दैनिक १९५१ मध्येच संसदेने कायदा करून ताब्यात घेतलं आणि सरकारधार्जिण्या कामगार महासंघाच्या हवाली केलं. रेडिओ विरोधकांना बंद. आणि २८ सप्टेंबरला जनरल मेनेंदेस यांनी बंड करून पाहिलं, ते काही तासांत फसलं. त्यानंतर देशात 'अंतर्गत युद्धस्थिती' जाहीर झाली ती उठलीच नाही. त्याच अवस्थेत दीड महिन्याने मतदान.

आता सांगा, शेवटच्या दिवशी पेट्या नीट मोजल्या याचं कौतुक किती करायचं? पैलवानाचा एक हात बांधून कुस्ती लावली आणि पंच मात्र प्रामाणिक होता, असं झालं.

पोपटराव
कुस्तीची उपमा आवडली. वाचनखूण साठवली.

नदीकाठ
राज्यशास्त्रींशी अर्धी सहमत. पण हात बांधला नसता तर निकाल बदलला असता का? १९४६ मध्ये पेरॉन पहिल्यांदा निवडून आले तेव्हा वर्तमानपत्रं त्यांच्या विरोधात, बहुतेक जुने पक्ष एकत्र होऊन विरोधात, अमेरिकेचा माजी राजदूत ब्रेडन उघड विरोधात. तरी जिंकले. उलट 'ब्रेडन की पेरॉन?' हीच घोषणा करून टाकली. त्यानंतर पगारी सुट्ट्या, वर्षाअखेरीचा तेरावा पगार, निवृत्तिवेतन हे सगळं कामगाराच्या हातात पडलं. ज्याच्या बापाला मालक 'अरे' म्हणून हाक मारायचा त्याला पहिल्यांदा 'अहो' ऐकू आलं. त्याने दुसऱ्या कुणाला मत द्यावं अशी अपेक्षा तरी का करायची?

शंकेखोर
हिटलरही निवडणुका लढवूनच वर आला होता.

खवचट काका
घ्या. सहाव्या प्रतिसादाला हिटलर. या धाग्याने संयम दाखवला म्हणायचं.

राज्यशास्त्री
@नदीकाठ, जिंकलेच असते, मलाही तसंच वाटतं. म्हणून तर जास्त राग येतो. जो हरणार नाही हे ठाऊक आहे त्याने समोरच्याचं तोंड का बांधावं? हरण्याची भीती असलेल्याने केलं तर निदान कळतं तरी.

@शंकेखोर, पेरॉनने छळछावण्या काढल्या नाहीत, विरोधी पक्षावर बंदी घातली नाही. त्याला त्याच्याच मापाने मोजू.

चहाटळ
'पॉप्युलिस्ट' ला मराठीत काय म्हणायचं? लोकानुनयी म्हटलं की खुशामत वाटते, लोकरंजनवादी म्हटलं की तमाशाचा फड.

सासवडकर
तमाशाच्या फडाला नावं ठेवू नका. तिथे निदान दौलतजादा परत मागत नाहीत.

मिरजेची मावशी
मला यात बायकांचं काय ते सांगा कुणीतरी. एविता स्वतः उभी राहणार होती ना?

नदीकाठ
मावशी, उपाध्यक्षपदाला. २२ ऑगस्ट १९५१ ला नऊ जुलै अव्हेन्यूवर कामगार महासंघाने प्रचंड सभा भरवली. मांडवच उमेदवारी जाहीर करायला घातलेला. लोक ओरडतायत, हो म्हण. ती म्हणते, मला चार दिवस द्या. लोक म्हणतात, नाही, आत्ता. मग एक दिवस द्या, मग काही तास द्या. रात्र पडली, मशाली पेटल्या, ही घासाघीस चालूच. पेरॉन मागे उभे. शेवटी धड हो नाही, धड नाही नाही, अशी सभा संपली. ३१ ऑगस्टला रेडिओवरून तिने नकार कळवला. लष्कराला बाई नको होती, आणि तिला कर्करोग होता, दोन्ही गोष्टी खऱ्या. शेवटी जुनेच उपाध्यक्ष किखानो पुन्हा उभे राहिले.

यातली गंमत अशी की मतपत्रिकेवर बाई नव्हती असं नाही. कम्युनिस्ट पक्षाने उपाध्यक्षपदाला आल्सिरा दे ला पेन्या यांना उभं केलं होतं. त्यांची आठवण कुणी काढत नाही. त्यांच्या पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार गिओल्दी यांच्यावर प्रचारातच गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, वाचले.

मिरजेची मावशी
आणि मत कसं दिलं तिने? आजारी होती ना?

दक्षिणवारा
मावशी, हे मात्र घरमालकिणीने रंगवून सांगितलं, आणि नंतर वाचलं तर खरं निघालं. ६ नोव्हेंबरला तिची मोठी शस्त्रक्रिया झाली. अमेरिकेतून डॉक्टर आणला होता आणि तो आपल्याला कापतोय हे तिला कळू दिलं नव्हतं. पाच दिवसांनी मतदान. अवेयानेदाच्या रुग्णालयात पेटी तिच्या पलंगापर्यंत नेली. फोटो आहे, उशीवर टेकून ती पाकीट आत टाकते आहे.

पेटी घेऊन गेलेल्यांत रॅडिकल पक्षाचा प्रतिनिधी म्हणून एक तरुण होता, दाविद विन्यास. पुढे मोठा लेखक झाला. विरोधी पक्षाचा माणूस, आतल्या खुशामतीची त्याला शिसारी आली. पण बाहेर आला तर पावसात बायका गुडघ्यांवर बसलेल्या. त्या पेटीला हात लावत होत्या, पेटीचे मुके घेत होत्या. ते चित्र त्याच्या डोळ्यांपुढून गेलं नाही म्हणतात.

अश्विनी क
पेटीचे मुके वाचून आजी आठवली. आपली पहिली निवडणूकही नेमकी त्याच हिवाळ्यातली ना, ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२. आजी तेव्हा विशीतली, सातारा जिल्ह्यातलं गाव. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, वर चिन्ह चिकटवलेलं. आजी नेसूचं चांगलं लुगडं नेसून, कनवटीला हळदकुंकवाची पुडी खोचून गेली आणि बैलजोडीच्या पेटीला कुंकू लावून आली. केंद्रावरचा मास्तर म्हणाला, "बाई, चिठ्ठी टाका, ओटी नका भरू." चिठ्ठी टाकली की नाही ते आजीला शेवटपर्यंत नक्की आठवत नव्हतं.

चहाटळ
म्हणजे मत बाद, पूजा मंजूर.

पोपटराव
अवांतर: त्या वेळी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, 'अमक्याची आई, तमक्याची बायको' असं सांगितलं म्हणून लाखो नावं यादीतून गेली ना?

राज्यशास्त्री
सुमारे २८ लाख. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावं घ्यायची नाहीत हे ठरवलं. पण ती बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारताकडची. साताऱ्याची आजी सुटली.

इथे अर्जेंटिनाशी तुलना खरंच करण्यासारखी आहे. बायकांना मताचा हक्क कायद्याने देणं वेगळं आणि त्यांना यादीत आणणं वेगळं. एविताने १९४९ मध्ये बायकांचा वेगळा पेरॉनवादी पक्ष काढला आणि प्रांताप्रांतांत आपल्या बायका पाठवल्या. गल्लीतल्या एखाद्या खोलीत केंद्र उघडायचं, नोंदणी करून घ्यायची. तिथेच शिवण शिकवायचं, लिहायला शिकवायचं. रॅडिकल पक्षाने मताधिकाराच्या कायद्याला पाठिंबा दिला होता, पण १९५१ ला एकही बाई उभी केली नाही. पेरॉनच्या बाजूने २३ बायका खालच्या सभागृहात आणि ६ सिनेटमध्ये गेल्या. आपल्या १९५२ च्या लोकसभेशी ताडून पाहा.

शंकेखोर
पण त्या सगळ्या एकाच बाईने निवडलेल्या होत्या. वर मान करून बोलायची सोय होती का?

मिरजेची मावशी
शंकेखोरराव, पुरुष खासदार काय मान वर करून बोलत होते? बायकांना तेवढा वेगळा नियम का?

शंकेखोर
मावशी, मुद्दा मान्य. आज पहिल्यांदाच इथे हरलो, तारीख लिहून ठेवा.

तुकडेबंदी
भूमिती सोडून चालणार नाही. ६३ टक्के मतं, पण खालच्या सभागृहात १४९ पैकी १३५ जागा. रॅडिकलांना ३२ टक्क्यांत १४. कारण आधीची पद्धत बदलून एकसदस्य मतदारसंघ केले आणि राजधानीत, जिथे रॅडिकल बऱ्यापैकी ताकदवान होते, मतदारसंघ असे शेपटासारखे ओढून कापले की विरोधकांची वस्ती वाटली जाईल. हे काम करायला गुंड लागत नाहीत. नकाशा आणि पेन्सिल पुरते.

आता काका हसण्याआधी सांगतो, आपल्याकडे १९५२ ला काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. तिथे पेन्सिल नव्हती, विरोधकांची फाटाफूट होती. जागांचा फुगवटा दिसला की लगेच लबाडी समजू नये, आणि फुगवटा सगळीकडेच असतो म्हणून पेन्सिल सोडूनही देऊ नये.

खवचट काका
मी हसलोच नव्हतो. आता हसतो.

सासवडकर
आणि त्याच १९५२ ला मुंबईत खुद्द बाबासाहेब हरले, काजरोळकरांकडून. घटना लिहिणारा माणूस हरू शकतो ती निवडणूक खरी, अशी माझी साधी कसोटी. पेरॉन त्या दिवशी हरू शकला असता का?

नदीकाठ
सासवडकर, कसोटी चांगली आहे पण घातक. लोकांना एखादा खरंच इतका हवा असेल की तो हरूच शकत नाही, तर निवडणूक खोटी ठरवायची?

आणि १९५१ हे वर्ष पेरॉनला सोपं नव्हतं. महागाई भडकली होती. जानेवारीत रेल्वे कामगारांनी संप केला, म्हणजे ज्यांचा हा नेता त्यांनीच, तर त्यांना लष्करी शिस्तीखाली आणून संप मोडला. दुष्काळ तोंडावर होता. पुढच्या वर्षी गव्हाच्या देशात लोकांना काळपट पाव खावा लागला. मुदत जून १९५२ पर्यंत असताना निवडणूक नोव्हेंबरातच उरकली ती उगाच नाही.

चहाटळ
निवडणुकीनंतर दोन प्रांतांची नावं बदलून नवराबायकोची ठेवली हे खरं का? आमच्या चौकाला अजून एक नाव ठरत नाहीये, म्हणून विचारतो.

तुकडेबंदी
खरं. चाको झाला 'प्रेसिडेंट पेरॉन' आणि ला पाम्पा झाला 'एवा पेरॉन'. २६ जुलै १९५२ ला ती गेली, तेहेतीस वर्षांची, तर ला प्लाता शहरालाही तिचं नाव दिलं. १९५५ ला लष्कराने पेरॉनना हाकललं आणि सगळ्या पाट्या उतरल्या. मार्च १९५६ ला तर वटहुकूम काढला की पेरॉन हे नावच छापायचं नाही, चिन्ह नाही, गाणं नाही, फोटो नाही. वर्तमानपत्रं 'पळपुटा जुलमी' लिहायची. लोकशाही वाचवायला आलेले लोक ते!

राज्यशास्त्री
हे मात्र मलाही अडचणीचं आहे. १९५१ ला मी नावं ठेवतो, पण त्यानंतर पेरॉनवाद्यांना तब्बल अठरा वर्षं धड निवडणूकच लढू दिली नाही. १९५५ च्या जूनमध्ये नौदलाच्या विमानांनी भर दुपारी राजधानीतल्या प्लाझा दे मायो या चौकावर बाँब टाकले, तीनशेहून जास्त माणसं मेली, त्यात रस्त्यावरची साधी माणसं. त्या मानाने बालबिनचा तुरुंग सौम्य म्हणावा लागेल. म्हणवत नाही, पण लागेल.

पोपटराव
किखानोंचं काय झालं? चांगलं नाव आहे, लक्षात राहिलं.

तुकडेबंदी
निवडून आले आणि दुसरी मुदत सुरू व्हायच्या आत, एप्रिल १९५२ मध्ये, वारले. मग १९५४ ला फक्त उपाध्यक्षपदासाठी देशभर निवडणूक घेतली. पेरॉनचे तेईसाइरे आरामात जिंकले. जवळजवळ दीड वर्षाने पेरॉन पडले तेव्हा याच तेईसाइरेंनी कॅमेऱ्यासमोर बसून पेरॉनवर आरोपांची सरबत्ती केली. सरकारने ती फिल्म थिएटरांतून दाखवली.

खवचट काका
उपाध्यक्ष म्हणून एविताच परवडली असती.

अश्विनी क
बालबिनचं पुढे काय? तो माणूस मनातून जात नाहीये. मत द्यायला गेला आणि पकडला.

राज्यशास्त्री
अश्विनी, पुढचं ऐकण्यासारखं आहे. पेरॉन सतरा वर्षं परागंदा राहून नोव्हेंबर १९७२ मध्ये परतले तेव्हा बालबिन त्यांना भेटायला गेले. दोघांनी मिठी मारली. १९७४ ला पेरॉन वारले, तेव्हा शवपेटीसमोर बालबिन बोलले. त्यातलं एक वाक्य तिथे अजून सगळ्यांना पाठ आहे: हा जुना विरोधक आज एका मित्राला निरोप देतो आहे.

मिरजेची मावशी
डोळ्यांत पाणी आलं बाई. तुरुंगात घातलं त्यालाच मित्र!

शंकेखोर
राजकारण्यांची मिठी. खिसा चाचपून पाहावा.

सासवडकर
धागा वर काढतोय. दक्षिणवारा, प्रश्न टाकून कुठे गायब झालात? तुमचं स्वतःचं मत काय ते सांगा की.

दक्षिणवारा
इथेच आहे, वाचतोय. सांगायला जरा लाज वाटत होती म्हणून गप्प होतो.

राज्यशास्त्रींचा बांधलेला हात आणि तुकडेबंदींची पेन्सिल, दोन्ही पटलं. मी निवडणूक 'खरी पण न्याय्य नाही' यावर येऊन थांबलो होतो. म्हटलं घरमालकिणीलाच विचारू. रविवारी माते पिताना विचारलं की एविताच्या संस्थेचं मशीन घेतलं म्हणून आईला मत द्यावंसं वाटलं असेल ना.

बाई पाच मिनिटं हसत होत्या. मशीन संस्थेचं नाहीच! तिच्या वडिलांनी हप्त्यांवर घेतलं होतं, पावत्या अजून डब्यात आहेत. एकेक करून टेबलावर मांडल्या, शेवटच्या दोन भरायला उशीर झाला म्हणून कोपऱ्यात लाल शाईने काहीतरी खरडलेलंही दाखवलं. त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "एविताच्या काळातलं." मला त्यातलं 'एविता' तेवढं कळलं आणि बाकीचं मी घरी येऊन रचलं.

चहाटळ
म्हणजे अख्खा धागा व्याकरणाच्या चुकीवर उभा!

नदीकाठ
पण गंमत बघा ना, आपण कुणीच शंका घेतली नाही. गरीब बाई, मशीन, मत, झालं. तेव्हाचे रॅडिकलही नेमकं हेच म्हणायचे की वाइनच्या बाटलीवर विकले गेले.

अश्विनी क
मग आईने मत दिलं कुणाला? की तेही तुम्हीच रचलंत?

दक्षिणवारा
नाही, ते विचारून घेतलं, या वेळी दोनदा, हळू बोलायला लावून. पेरॉनलाच दिलं. अंधाऱ्या खोलीत, म्हणजे मतदानाच्या खोलीला इथे तसंच म्हणतात, टेबलावर प्रत्येक पक्षाच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे असायचे. त्यातली एक उचलून पाकिटात घालायची. सासरचं सगळं घर पक्कं रॅडिकल. सासूने निघताना रॅडिकलांची चिठ्ठी घडी करून सुनेच्या पर्समध्ये घालून दिली होती, आतल्या गठ्ठ्यांना हात लावू नकोस म्हणून बजावून. आईने आत जाऊन गठ्ठ्यातली पेरॉनची उचलली आणि सासूची चिठ्ठी तशीच पर्समध्ये परत आणली.

मी विचारलं, पेरॉन इतके आवडायचे? बाई म्हणाल्या, ते माहीत नाही. सासूला कळणार नव्हतं, ते आवडलं.

मिरजेची मावशी
ही खरी निवडणूक. मी मत बदललं.

खवचट काका
आणि ती परत आणलेली चिठ्ठी? ती कुठे गेली?

दक्षिणवारा
काका, तीच तर. लिब्रेताच्या शेवटच्या पानात घडी घातलेली आहे. बालबिन-फ्रोंदिसी. मी आधी बुकमार्क समजलो होतो.